नळ सोडून

“काही होत नाही, एक सेकंद,” असं म्हणून सिस्टरने माझ्या पोटावरच्या पट्टीचा कोपरा नखाने उचलला, आणि ती खोटं बोलते आहे हे मला तिथल्या तिथे कळलं. कारण ते वाक्य माझं आहे. पार्लरमध्ये मी दिवसभर तेच म्हणत असते. गरम मेण पसरायचं, त्यावर कापडाची पट्टी दाबायची, एका हाताने कातडी ताणून धरायची, काही होत नाही, एक सेकंद, आणि समोरची बाई श्वास घेते न घेते तोच पट्टी ओढून काढायची. मग लगेच त्या जागेवर तळहात दाबून ठेवायचा, म्हणजे आग निवते. सिस्टरने कातडी ताणली नाही. ती हळूहळू, दयेने सोलत गेली. अर्ध्यावर थांबली आणि म्हणाली, “अगं बाई!” मग तिने पडद्यापलीकडच्या दुसऱ्या सिस्टरला हाक मारली, “जरा इकडे येऊन बघ ना.” दोघी वाकून माझ्या पोटाकडे बघत राहिल्या. आदल्याच दिवशी मी ह्या पहिलीला, कुणी विचारलं नसताना, तिच्या गालावरच्या डागांसाठी काय लावावं ते सांगितलं होतं. माणसाची कातडी बघितली की मला राहवत नाही. आता ती माझी बघत होती.

मीही मान उचलून बघितलं. खाली टाक्यांची रेघ अगदी शहाण्यासारखी बसलेली होती. तिच्याभोवती मात्र पट्टीच्या मापाचा लाल चौकोन उठला होता, चारही कोपऱ्यांसकट, कुणी आखून दिल्यासारखा. कडेने पाण्याचे फोड होते. पट्टीच्या चिकट बाजूला माझ्या कातडीची पातळ साय निघून आली होती. “ॲलर्जी आहे का काही, विचारलं नव्हतं तुम्हाला?” विचारलं होतं. मी नाही म्हणाले होते, आणि म्हणताना जरा ऐटच होती आवाजात. आमच्याकडे केसांना रंग लावायच्या आधी आम्ही प्रत्येकीच्या कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघतो. मालकीणबाईंची तशी सक्त ताकीद आहे. इतक्या बायकांचे कोपर तपासले, पण स्वतःला कधी कशाचा थेंब लावून बघितला नाही. माझी कातडी म्हणजे दुकानाची पाटी होती. नवीन गिऱ्हाईक आलं की मालकीणबाई मला पुढे करायच्या, “हिची बघा, हीसुद्धा आमचीच सगळी क्रीमं वापरते.”

मग डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि निकाल दिला, “टाके उत्तम आहेत. फक्त भोवतीची कातडी रुसलीय. हिला गोंद सोसत नाही. आता वर काही चिकटवायचं नाही, मलम लावायचं, मोकळं ठेवायचं, आणि खाजवायचं नाही.” शेवटचं वाक्य त्यांनी लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, रोज अंधाऱ्या खड्ड्यात उतरून वर बघत बसतो, त्यामुळे कुठलीही गोष्ट मोठ्याने सांगायची त्याला सवय आहे. व्हरांड्यात उभा राहून तो फोनवर एकेकाला सांगत होता, “बाळ मस्त, आई मस्त, फक्त कातडी रुसलीय तिची.” पलीकडून हसू आलं की तोही हसायचा. त्याचं काही चुकत नव्हतं. मी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. मला वाटलं, पोट फाडून बाळ काढलं त्याची बातमी नाही झाली, ह्या चौकोनाची झाली.

दुखणाऱ्या माणसाला मान असतो. खाजणाऱ्याला नसतो, त्याचं हसूच होतं. मला भेटायला येणाऱ्या बायका आधीच म्हणत होत्या, “सिझर ना? सुटलीस बाई,” आणि मी खरंच सुटल्यासारखी ओशाळून हसत होते. त्या टेबलावर मी नुसती पडून होते. माझ्या छातीपाशी हिरवं कापड उभं केलं होतं, त्याच्या पलीकडे माणसं आपापसात बोलत काम करत होती, आणि कपाटाच्या तळातून एखादी वस्तू शोधावी तसं माझ्या आत हात घालून त्यांनी ह्याला शोधून काढलं. मी काहीच केलं नाही. निदान नंतरचं दुखणं तरी धड निभावेन असं ठरवलं होतं. ओठ दाबून चालेन, कण्हणार नाही, लोक म्हणतील, सोशीक आहे. पण दुखणं मुकाट मागे सरकलं आणि ही खाज पुढे येऊन बसली. तिला सोसायचं म्हणजे काय करायचं तेच मला माहीत नव्हतं.

घरी आल्यावर मी पहिली चूक केली. चौकोनातून पाणी झिरपायचं आणि गाऊनवर ओला डाग पडायचा. बाळाला बघायला कुणी ना कुणी येतच होतं. डॉक्टरीणबाईंनी मोकळं ठेवा म्हटलं तरी डाग घेऊन कसं बसायचं? मी नवऱ्याला औषधाच्या दुकानात पाठवून नाजूक कातडीची म्हणून विकतात ती पांढरी पट्टी मागवली, आणि कापसाची घडी ठेवून चारी बाजूंनी स्वतःच चिकटवून टाकली. दिवसभर झकपक बसले. संध्याकाळी काढली तेव्हा पहिल्या चौकोनाभोवती दुसरा चौकोन होता. नवऱ्याला सांगितलं नाही. गिऱ्हाइकाला तीनतीनदा बजावते मी, एकदा चट्टा उठला की त्या वस्तूच्या वाटेला जाऊ नका म्हणून. त्यानंतर मी जुन्या मलमलीचा तुकडा नुसता वर टाकून, गाऊन दोन बोटांनी पोटापासून उचलून धरून वावरायला लागले. मलमाचा आणि झिरपणाऱ्या पाण्याचा मिळून एक वास यायचा, ओल्या पिठासारखा. तो मला यायचा. बाकीच्यांना येत असेल असं वाटायचं, पण खात्री नव्हती. ती खात्री सासूबाईंनी दिली.

सासूबाई खोलीत येताना तोंडाला हातरुमाल लावून यायला लागल्या. आधी वाटलं सर्दी असेल. पण शिंक नाही, खोकला नाही, आवाज नेहमीसारखा खणखणीत. बाळाचे कपडे कपाटात ठेवताना, माझं ताट स्टुलावर ठेवताना, बाळाला पाळण्यातून उचलताना, एक हात कामाला आणि एक हात रुमालाला. नवऱ्याने विचारलं तर म्हणाल्या, “दाढ ठणकतेय.” मी ताबडतोब ओळखलं. माझ्या बाजूच्या खिडकीशी उभ्या असल्या की रुमाल घट्ट, आणि दारापर्यंत गेल्या की जरा सैल. एवढं पुरे होतं मला. त्यांनी तोंडाने काही म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण त्या बिचाऱ्या सभ्य होत्या, दाढेचं निमित्त काढत होत्या. त्या आल्या की मी मान खाली घालायचे, पांघरुणाच्या कडा पायांखाली दाबून घ्यायचे, आणि त्या बाहेर जाईपर्यंत श्वास रोखून धरायचे. त्या दिवसांत मी कुणाच्याच चेहऱ्याकडे बघत नव्हते. आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे बघून पोट भरलेली बाई मी, आणि मला सगळ्यांची फक्त पावलं ओळखता यायला लागली होती.

एरवी आमचं गूळपीठ होतं असं नाही, पण एक गुपित होतं. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होत्या. कानाला यंत्र लावून त्यांनी उमेदीची सारी वर्षं तारा जोडण्यात घालवली. शहरातल्या बड्या बड्या लोकांना त्यांचा आवाज माहीत होता आणि चेहरा कुणालाच नाही. अजूनही फोन वाजला की त्या पाठ ताठ करून बोलतात. माझं लग्न होऊन मी घरात आले तेव्हा पहिले काही दिवस त्या माझ्याशी तिरक्या बसून बोलायच्या, आणि मला वाटायचं, पार्लरमधली सून त्यांच्या मनातून उतरलेली आहे. मग एका दुपारी मी न्हाणीघरात केस धुताना त्या मागून आत आल्या, कडी लावली, आणि एक्स्चेंजच्या आवाजात नाही तर अगदी बारीक, चोरट्या आवाजात म्हणाल्या, “तू ते दोऱ्याने काढतेस ना?” आणि हनुवटी वर केली. हनुवटीखाली राठ केस होते. काही पांढरे, काही काळे, एकदोन तर वळण घेतलेले. वर्षानुवर्षं बाहेर जायच्या आधी कात्रीने कापत आल्या होत्या. ना त्यांच्या नवऱ्याला कधी कळलं होतं, ना मुलाला. मी म्हटलं, “आई, निम्म्या जगाला असतात,” तर त्या म्हणाल्या, “असू देत. मला निम्म्या जगाशी काय करायचंय?” तेव्हापासून दर पंधरवड्याला आम्ही दोघी न्हाणीघरात. दोरा फिरताना किर्र आवाज होतो, आणि घर लहान. म्हणून मी त्यांना सांगितलं, नळ सोडून ठेवा. बादली भरून वाहायची, तिच्या आवाजात सगळं बुडायचं. नवऱ्याला वाटायचं, आई-बायको मिळून कपडे धुतायत. तो खूश असायचा.

आता त्याच बाईंना माझा वास सोसत नव्हता. मला राग यायचा, आणि रागाच्या मागोमाग लगेच वाटायचं, बरोबरच आहे त्यांचं.

बाळाला आम्ही मुठ्या म्हणत होतो. जन्मला तोच दोन्ही मुठी आवळून, आणि अजूनही उघडत नव्हता. मी त्याला घेत नव्हते. सगळ्यांना सांगितलं होतं, टाके ओढतात. यंत्र लावून दूध काढून बाटलीत भरून द्यायचे आणि सासूबाई नाहीतर नवरा पाजायचा. दूध भरपूर होतं, अंगात सगळं ठीक चाललं होतं, फक्त मूल जवळ नव्हतं. खरी गोष्ट अशी की मी त्याला घेतलं होतं एकदा. घेतल्याबरोबर त्याने पाय झाडले आणि त्याची ती एवढीशी टाच चौकोनावर घासली. जळजळ झाली त्याचं काही नाही. पण जळजळ ओसरल्यावर खाजेचा असा लोट उठला की मी त्याला जवळजवळ टाकलंच गादीवर, आणि दोन्ही हातांनी गाऊनवरून ओरबाडायला लागले. तो बाजूला पडून रडत होता. मला ऐकू येत होतं, पण फार लांबून, शेजारच्या घरातलं कुणी रडावं तसं. भानावर आले तेव्हा माझे डोळे मिटलेले होते आणि तोंड उघडं होतं. त्याला उचलून थोपटलं, पण हात दूर धरून. तेव्हापासून तो रडायला लागला की मी आधी माझ्या हातांकडे बघते.

आणि ह्याहून वाईट गोष्ट न्हाणीघरात आहे. दुपारी घर निवलं, नवरा कामावर गेला, सासूबाई मुठ्याला घेऊन बाहेरच्या खोलीत बसल्या, की मी हळूच उठायचे. भिंत धरून जायचे. कडी लावायचे, नळ सोडायचे आणि गाऊन वर करायचे. पार्लरच्या पिशवीतला शेपटीचा कंगवा मी तिथे आरशामागे लपवून ठेवला होता. टाक्यांना हात लावत नव्हते, तेवढी अक्कल शाबूत होती. कडा. फक्त कडा. चौकोनाच्या कडेकडेने कंगव्याचे दात फिरवत जायचे. पहिल्यांदा एक कोपरा, मग सबंध बाजू, मग दुसरा कोपरा. मी भिंतीला कपाळ टेकून उभी राहायचे आणि माझ्या तोंडून असा आवाज निघायचा की तो मी कुणाला ऐकू दिला नसता, नवऱ्यालासुद्धा नाही. इतकं सुख. मी शोधून बघितलं आहे मनात, प्रामाणिकपणे, तो जन्मला तेव्हाच्या क्षणाशी लावून बघितलं आहे. हिरव्या कापडावरून त्याचं तोंड मला दाखवलं तेव्हा मी हसले होते, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. पण ह्या नळाच्या आवाजात जे होतं, तेवढं मला त्याच्यापायी झालं नव्हतं. बायका म्हणतात, मूल हातात आलं की सगळं विसरायला होतं. मला मूल विसरायला होत होतं. नंतर रक्ताचे बारीक ठिपके यायचे आणि आग आग व्हायची. मी पाण्याने पुसून, मलम थापून, रडून, नळ बंद करून बाहेर यायचे. लाज वाटायची, आणि दुसऱ्या दुपारची वाट बघायचे.

त्या दुपारीही मी आत जायच्याच बेतात होते. पाय खाली सोडले होते. तेवढ्यात सासूबाई मुठ्याला घेऊन आल्या. तो किंचाळत होता. एका हातावर तो, दुसऱ्या हाताने रुमाल तोंडावर, आणि बाटली काखेत. “घेत नाहीये गं बाटली,” त्या रुमालातून म्हणाल्या. “फेकून देतोय. बघतेस का जरा?” आणि माझ्याकडे वाकल्या. वाकताना रुमाल आणखी वर, थेट नाकापर्यंत गेला. मला न्हाणीघरात जायचं होतं, हात शिवशिवत होते, आणि समोर तो रुमाल. माझा तोल गेला.

“आई, नका येऊ एवढ्या जवळ,” मी म्हटलं. “वास येतो ना? मग लांब बसा. दाढेचं नाटक कशाला करता? सरळ सांगा की सून नासली म्हणून.”

“कसला वास?”

“माझा. पोटाचा. मला काय कळत नाही? इतके दिवस बघतेय तो रुमाल.”

मुठ्या त्यांच्या हातावर लालेलाल होऊन ओरडत होता. त्यांनी त्याला माझ्याजवळ गादीवर ठेवलं, दाराशी जाऊन दार लोटलं, आणि खिडकीच्या उजेडात उभ्या राहून रुमाल खाली घेतला. मी कितीतरी दिवसांनी एका माणसाच्या चेहऱ्याकडे बघितलं. हनुवटीवर, गालांच्या कडांवर राठ खुंट उगवले होते, पुरुषाला दाढी न केल्यावर दिसतात तसे. मध्येच एक कापल्याची खपली होती. “तू दवाखान्यात गेलीस त्याच्या आधीपासून राहिलं होतं,” त्या म्हणाल्या. “मग लोक यायला लागले बाळाला बघायला. कात्रीने मुळापर्यंत निघेना. शेवटी तुझ्या नवऱ्याच्या रेझरने केलं. तर हे असं झालं.”

“मला सांगायचं ना.”

“काय सांगू? तू बाळंतीण. तुझं पोट ते तसं. तुला म्हणू, आधी माझी हनुवटी कर?” त्यांचा आवाज एक्स्चेंजचा राहिला नव्हता. “ह्याचा मुका घेतला नाहीये मी अजून. एकदा गाल लावला तर टोचलं त्याला, केवढा रडला. आजीचा गाल टोचतो, सांगायचं कुणाला?”

मी बघतच राहिले. माझा धंदा काय, माझी नजर काय, आणि घरातली एक बाई माझ्या डोळ्यांदेखत इतके दिवस तोंड झाकून फिरत होती ते मी माझ्याच खात्यावर जमा करत बसले होते. मला शरम वाटली, पण ही शरम जरा वेगळी होती, तिच्यात मोकळी हवा होती. “पिशवी द्या माझी,” मी म्हटलं. त्या नको नको म्हणाल्या, मुलगा रडतोय म्हणाल्या, पण पिशवी आणली. तो रडून रडून हुंदक्यांवर आला होता. एका हाताने मी त्याला थोपटत होते आणि दुसऱ्या हाताने दोरा सोडवत होते. त्या खाली स्टुलावर बसल्या, मान मागे टाकून गादीच्या कडेला डोकं टेकलं. मी दोऱ्याचं टोक दातात धरलं. “जिभेने आतून रेटा,” मी दातांतून म्हटलं, आणि त्यांनी रेटलं. वाकल्यावर टाके ओढले, त्यांच्या केसांची गाठ माझ्या पोटाला लागत होती, चौकोन पेटला होता. मी हात थांबवला नाही. किर्र आवाज सबंध खोलीत ऐकू येत होता. नळ नव्हता, काही नव्हतं. त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं. ते दोऱ्यानेही येतं, सगळ्यांनाच येतं. एकेक जागा झाली की मी तळहात दाबून धरत होते.

झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हनुवटीवरून बोटं फिरवली, मुठ्याला उचललं आणि त्याच्या गालाला गाल लावून नुसत्या उभ्या राहिल्या. तो हुंदके देत होता, पण ओरडला नाही. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आता तू दाखव.”

“नको आई.”

“दाखव म्हणते ना.”

मी गाऊन वर केला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांनी वाकून नीट बघितलं. मग म्हणाल्या, “दोन चौकोन आहेत की गं.” मला एकदम हसू फुटलं, हसताना टाके दुखले, आणि हसण्याचं रडणं झालं. त्यांनी मुठ्याला गादीवर ठेवलं आणि मलमलीचा तुकडा गार पाण्यात बुडवून, पिळून, वर अलगद ठेवला. रुमाल गादीवर पडला होता, त्याची त्यांना आठवणही नव्हती. मग खाली बघतच त्या म्हणाल्या, “आणि कंगवा टाकून दे तो.”

माझ्या कानांतून वाफ निघाली. “कुठला कंगवा?”

“आरशामागचा. नळ सोडून आत काय चालतं ते मला कळत नाही असं वाटलं तुला? नळ सोडायला मला कुणी शिकवलं?”

आता लपवायला काही उरलं नव्हतं, म्हणून मी उरलेलंही बोलून टाकलं. “आई, मला त्यात बरं वाटतं. फार बरं वाटतं. ह्याला घेतल्यावर वाटलं नव्हतं तेवढं.” बोलून झाल्यावर मी त्यांच्या पावलांकडे बघितलं. आता ही पावलं मागे जातील, असं मला वाटलं. मुलाला घेऊन बाहेर जातील आणि रात्री मुलाच्या बापाला सांगतील. पावलं हलली नाहीत. “होत असेल,” त्या म्हणाल्या. त्यांनी ते वाईटही म्हटलं नाही, आणि सगळ्यांना तसं होतं असंही म्हटलं नाही. मग मुठ्याकडे बघून म्हणाल्या, “भूक लागलीय त्याला. घे.”

त्यांनी उशी माझ्या बाजूला लावली आणि मुठ्याला माझ्या काखेखालून असा ठेवला की त्याचं तोंड माझ्याकडे आणि पाय मागे, पाठीकडे राहिले. टाच पोचणार नाही अशा बेताने. तो चाचपडला, चुकला, चिडला, आणि मग त्याने पकडलं. ओढ इतकी जोराची होती की मी चमकले. यंत्र असं ओढत नाही. त्याचा घसा हलताना दिसत होता. मी बघत होते आणि वाट बघत होते, सगळ्या म्हणतात ते काहीतरी आता येईल म्हणून. त्याऐवजी खाज आली. गार कापड तापलं होतं. डाव्या कोपऱ्यापासून ती निघाली, कडेकडेने सरकत दुसऱ्या कोपऱ्याला गेली, आणि माझा रिकामा हात माझ्या नकळत गाऊनखाली शिरला.

सासूबाईंनी तो मनगटापाशी धरला. बाहेर काढून स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि वर आपला हात दाबून ठेवला. माझी बोटं त्यांच्या तळव्याखाली वळत होती, नखं त्यांच्या कातडीत रुतत होती. त्यांना लागत असणार. “काही होत नाही, एक सेकंद,” त्या म्हणाल्या. ते खोटं होतं, कितीतरी वेळ गेला. तो पीत राहिला, आणि त्यांनी हात सोडला नाही.